आधी ठिणगी, मग कोयता



गळीत हंगाम तोंडावर आला की ऊस विकास विभागाच्या ठरलेल्या सूचना या पानावर येतात. लागण नोंद, तोडणी कार्यक्रम, पाचट जाळू नका. तुम्ही त्या वाचता आणि अंक खुंटीला अडकवता. म्हणून यंदा आधी घरातली एक गोष्ट सांगतो. गोष्ट अदलाबदलीची आहे, पण शेवटी ती तुमच्या फडातच येऊन थांबते.

आमच्या जुन्या घराच्या कोनाड्यात आजोबांची एक चंची असे. जाड्या कापडाची, तीन खणांची. एका खणात चकमकीचं पोलाद, दुसऱ्यात गारगोटी आणि तिसऱ्यात काळी पडलेली सुती चिंधी. आम्ही पोरं विचारायचो, “आबा, घरात काडेपेटी असताना हे कशाला?” आबा म्हणायचे, “काडी पावसात सादळती रं. गार सादळत न्हाई.”

आबांना हे सामान तयार करायचा नाद होता. ओढ्याकाठी, माळावर हिंडून ते गारगोट्या निवडून आणत. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळीत गारगोटी तयार होते, आणि पाषाण झिजला की ती माळावर उघडी पडते. गोल गुळगुळीत गोटा कामाचा नाही. फोडून कडा धारदार काढावी लागते. चिंधीचं काम त्याहून नाजूक. ती डबीत कोंबून पेटवायची आणि वेळेवर झाकण दाबून हवा तोडायची. चिंधी काळी व्हावी, पण तिची राख होऊ नये. अशा चिंधीवर ठिणगी पडली की ती धरून ठेवते. मग वाळलं गवत लावून फुंकायचं.

पुष्कळांना वाटतं ठिणगी दगडातून निघते. तसं नाही. गारगोटीची कड पोलादापेक्षा कठीण असते. ती पोलादाचा बारीक कण तासते, आणि तो तापलेला कण हवेत पेटतो. म्हणून पोलाद पक्कं आणि नीट पाणी दिलेलं लागतं. मऊ लोखंडावर कितीही आपटा, हात दुखेल, ठिणगी काही पडायची नाही. आणि जे पोलाद चांगली ठिणगी देतं, तेच चांगली धारही धरतं. चकमक आणि कोयता हे एकाच ऐरणीवरचे भाऊ आहेत.

हे पोलाद आबांना मिळायचं घिसाड्याकडून. सुगी संपली की गावाबाहेर त्यांच्या गाड्या सुटत. पुरुष सांडशीत तापलं लोखंड धरायचा आणि बायको घण घालायची. गावचा लोहार बलुतेदार. त्याचं धान्य खळ्यावर ठरलेलं. घिसाड्याचा व्यवहार मात्र रोखीचा, नाहीतर वस्तूला वस्तू. तो आबांना झिजक्या कानशीपासून घडवलेली पोलादं द्यायचा. आबा त्यांना गार, चिंधी आणि चंची जोडून पुरा संच करायचे. काही संच घिसाडी घेऊन जायचा आणि पुढच्या मुक्कामाला धनगरांना, गाडीवानांना विकायचा. बदल्यात आबांना कोयता, विळा, कुदळ, कधी बैलाची साखळी मिळायची.

या सौद्याची एक रीत होती. घिसाडी प्रत्येक चकमक झाडून बघायचा. तीन झटक्यांत चिंधी धरली तरच संच पसंत. आबाही कोयता हातात घेऊन बाभळीच्या फांदीवर चालवायचे. धार वळली नाही तरच घ्यायचा. एका वर्षी एक कोयता ऐन उसात वाकला. पुढच्या सुगीला आबांनी तो समोर ठेवला. घिसाड्याने धारेवरून अंगठा फिरवला, “पाणी चुकलं माझं” एवढंच म्हणाला आणि दुसरा काढून दिला. आबांनीही त्याच्याकडे नापास झालेला एक संच मुकाट्याने परत घेतला. कागद नाही, पावती नाही.

आता आपल्या फडात या.

आज काडेपेटी दोन रुपयांना मिळते. ठिणगीसाठी माळ हिंडावा लागत नाही, आणि म्हणूनच आगीचा धाक गेला. गेल्या हंगामात माझ्याच गटात एका सभासदाने तोडणीनंतर पाचट पेटवलं. दुपारची वेळ, वारा फिरला, आणि बांधापलीकडचा तोडीला न आलेला उभा ऊस पेटला. दोघं सख्खे चुलतभाऊ. जळका ऊस थांबत नाही. वजन घटतं, साखर उतरते, म्हणून धावपळीने तोड द्यावी लागली आणि नियमाप्रमाणे कपातही झाली. कपातीचा आकडा स्लिपवर दिसतो. त्या दोन घरांचं बोलणं बंद झालं, ते कुठल्या स्लिपवर येत नाही.

आणि पेटवलं ते काय? हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र धरा. आठ टनांत चाळीस किलो झालं. जाळलं की ते हवेत गेलं, सेंद्रिय कर्बही गेला. पाचटात उंदीर होतात, पाणी पुढे सरकत नाही, मजूर मिळत नाही, या तुमच्या अडचणी खोट्या नाहीत. पण बुडख्यावरचं पाचट बाजूला सारून सरीत दाबा. त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मिसळून १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाका आणि ओल राखा. एवढ्यावर बरंचसं काम जमिनीतच होतं, खोडव्याचं एखादं पाणीही वाचतं.

दुसरी गोष्ट कोयत्याची. बोथट कोयता जमिनीलगत चालत नाही, मग बुडखा वर राहतो. साखर तर बुडाकडच्या कांड्यांतच जास्त. शिवाय उंच बुडख्याचे वरचे डोळे फुटतात, फुटवा कमजोर निघतो आणि खोडवा मार खातो. तोडणीवाल्या नवरा-बायकोच्या जोडीला आपण ‘एक कोयता’ म्हणतो. माणसाला अवजाराचं नाव दिलं, पण त्या अवजाराला धार आहे का, हे आपल्यापैकी किती जण बघतात? टोळी फडात उतरली की चहापाणी विचारा आणि कोयता बघायलाही मागा. गावच्या लोहाराकडून दोन-चार कोयते शेवटून दिलेत तर खर्च किरकोळ आणि बुडखा जमिनीला.

आबांच्या काळात आग आणि धार, दोन्ही पारखून घ्यावी लागायची. आता आग स्वस्त झाली आणि धारेकडे लक्ष राहिलं नाही, त्याची किंमत जमीन मोजते आहे.

तेव्हा यंदा तोडीच्या दिवशी फडावर जाताना काडेपेटी घरी ठेवा आणि कानस खिशात घाला. पाचट कुजविण्याबाबत काही अडलं तर गट ऑफिसला निरोप द्या. मी स्वतः फडावर येईन.

आपला,
ऊस विकास अधिकारी