माहेरचे नाव, सासरचे नाव आणि परदेशप्रवास

हल्ली आपल्या घरांतून परदेशी जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. कोणाचा मुलगा नोकरीसाठी दुबईला असतो, कोणाची मुलगी शिक्षणासाठी इंग्लंडला जाते, कोणाचा जावई अमेरिकेत असतो आणि लेकीच्या बाळंतपणासाठी आईला बोलावणे येते. कोणी लुंबिनीच्या निमित्ताने नेपाळात जाऊन येतात. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट ही कामे एजंट किंवा घरची शिकलेली मुले करून देतात. मात्र या धावपळीत एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. ती गोष्ट म्हणजे घरातील स्त्रीचे नाव. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक आडनाव, रेशनकार्डावर दुसरे, पासपोर्टवर तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले, अशी स्थिती आम्ही बँकेच्या काउंटरवर बसून गेली वीस वर्षे पाहत आलो आहोत. त्यातून जे शिकावयास मिळाले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपली नाव लिहिण्याची पद्धत पाहू. महाराष्ट्रात स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि शेवटी आडनाव असे तीन पदरी नाव लिहिण्याची रीत आहे. त्यामुळे लग्नानंतर मुलीचे केवळ आडनाव बदलत नाही, तर मधले नावही बदलते. काही घरांत तर लग्नात पहिले नावही बदलतात. उदाहरणादाखल समजा, माहेरी जी 'सुनंदा गणपत मोरे' होती ती सासरी 'सुनंदा प्रकाश साळवे' झाली. आपल्या दृष्टीने ही एकच व्यक्ती आहे. गावात कोणाला शंका येत नाही. परंतु कागद वाचणाऱ्या परक्या माणसाच्या दृष्टीने तीन शब्दांपैकी दोन निराळे आहेत, म्हणजे ही दुसरीच बाई झाली.

आता कायद्याकडे वळू. लग्न झाले म्हणून स्त्रीने नाव बदललेच पाहिजे, असे भारतातील कोणताही कायदा सांगत नाही. ती रूढी आहे, सक्ती नाही. पासपोर्टच्या बाबतीतही तेच आहे. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टचे नियम सोपे केले, तेव्हा विवाहित अर्जदाराने विवाहाचा दाखला जोडलाच पाहिजे ही अट काढून टाकण्यात आली. एप्रिल २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही जाहीर सांगितले की, लग्नानंतर वा घटस्फोटानंतर महिलांना पासपोर्टवरील नाव बदलण्याची गरज नाही. तेव्हा 'लग्न झाले, आता पासपोर्ट बदलावाच लागेल' असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. माहेरच्या नावाचा पासपोर्ट मुदत संपेपर्यंत पूर्णपणे चालतो.

मग अडते कोठे? पती-पत्नीची आडनावे वेगळी असणे ही अडचण नाही. एकाच व्यक्तीच्या दोन कागदांवर दोन नावे असणे ही खरी अडचण आहे. हा फरक ज्यास समजला त्याचे निम्मे काम झाले.

आडनावे वेगळी असण्याचे परदेशात कोणाला नवल वाटत नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९८१ पासून स्त्रीचे जन्माचे नावच लग्नानंतर कायम राहते. ग्रीसमध्येही १९८३ च्या कायद्याने तसेच झाले. फ्रान्समध्ये जन्मनोंदीतले नाव हेच कायद्याचे नाव असते, पतीचे नाव स्त्री केवळ वापरापुरते घेऊ शकते. उलट जपानमध्ये पती-पत्नीला एकच आडनाव घ्यावे लागते. तेव्हा 'नवऱ्याचे आडनाव नाही म्हणून परदेशात उतरू देणार नाहीत' ही भीती निराधार आहे. नाते सिद्ध करण्याची वेळ आलीच तर विवाहाचा दाखला पुरतो.

आता पासपोर्टचे छायाचित्र असलेले पान उघडून पाहावे. तळाशी बाणासारख्या चिन्हांनी भरलेल्या दोन ओळी दिसतील. प्रत्येक ओळीत ४४ जागा असतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने जगभर एकच पद्धत ठरवून दिली आहे. पहिल्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आधी आडनाव, मग दोन बाण आणि त्यानंतर नाव येते. विमानतळावरील यंत्र ह्याच ओळी वाचते. पतीचे नाव आजवर दिलेल्या बहुतेक पासपोर्टांच्या शेवटच्या पानावर छापलेले असते खरे, पण या दोन ओळींत ते येत नाही. म्हणजे यंत्रापुढे सुनंदा ही मोरे असेल तर मोरेच राहते.

यावरून पहिला नियम निघतो. तिकीट आणि व्हिसा यांवरील नाव पासपोर्टवरील नावाबरहुकूमच असले पाहिजे. आधारकार्डावर किंवा लग्नपत्रिकेवर काय आहे हे येथे गौण आहे. आमच्या शाखेतील एका खातेदार बाईंना लेकीच्या बाळंतपणासाठी जावयाचे होते. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आणि मुलाने प्रेमाने तिकीट काढले ते सासरच्या नावाने, कारण त्याला आईचे तेच नाव ठाऊक. विमान कंपनीने त्यांना काउंटरवरूनच परत पाठविले. नवे तिकीट मिळून त्या पोहोचेपर्यंत नात जन्मून चार दिवस झाले होते. पैसे गेले ते गेलेच, पण लेकीजवळ त्या घटकेला असण्याची वेळ पुन्हा येत नाही.

तिकीट काढताना आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाचा वेगळा असतो. पासपोर्टवर मधले नाव बहुधा स्वतःच्या नावाबरोबर एकाच रकान्यात असते. तिकिटातही ते तसेच लिहावे. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांसाठी प्रवाशाचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग ही माहिती आधीच कळवावी लागते. ती ओळखपत्राशी जुळणे आवश्यक असते. तिकीट हाती येताच पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे. स्पेलिंगची लहान चूक लवकर कळविल्यास विमान कंपनी बहुधा दुरुस्त करते. संपूर्ण आडनाव बदलणे मात्र तिच्या दृष्टीने माणूस बदलण्यासारखे असते. विमानतळावर विवाहाचा दाखला पुढे केला म्हणजे सुटका होईलच, असे समजू नये.

दुसरी गोष्ट व्हिसाची. पासपोर्टवरील नाव बदलले की नवी पुस्तिका आणि नवा क्रमांक मिळतो. जुन्या पुस्तिकेत एखाद्या देशाचा चालू व्हिसा असेल तर तो जुन्याच नावाचा राहतो. अशा वेळी लग्नाने नाव बदललेल्यांनी नव्या पासपोर्टवर नवा व्हिसा घ्यावा, अशी शिफारस अमेरिकेचे परराष्ट्र खाते करते. म्हणून प्रवास दोन-तीन महिन्यांवर आला असताना नाव बदलण्याचा अर्ज करू नये. जुन्या नावाने जाऊन यावे आणि मग सवडीने बदल करावा.

तिसरी गोष्ट आडनावाच्या रिकाम्या रकान्याची. आपल्याकडील वृद्ध स्त्रियांच्या काही जुन्या पासपोर्टांवर केवळ 'शांताबाई' किंवा 'गंगूबाई' एवढेच नाव असते. संयुक्त अरब अमिरातीने २१ नोव्हेंबर २०२२ पासून पाहुण्याच्या किंवा पर्यटकाच्या व्हिसावर येणाऱ्या अशा एकेरी नावाच्या प्रवाशांना प्रवेश न देण्याचा नियम लागू केला. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असल्यास चालेल, असा खुलासा मागाहून झाला. तरीही आईचा पासपोर्ट नव्याने काढताना दोन्ही रकाने भरून घेणे हेच शहाणपणाचे.

आई आणि मूल यांची आडनावे वेगळी असल्यास अधिकारी चौकशी करू शकतात. ब्रिटनच्या सरकारी सूचनेत तसे स्पष्ट म्हटले आहे. मुलाचा जन्मदाखला आणि विवाहाचा वा घटस्फोटाचा कागद जवळ ठेवावा, असाही तेथे सल्ला आहे. मुले पळविण्याच्या प्रकारांना आळा बसावा म्हणून ही विचारणा असते. तिचा राग मानू नये.

नेपाळचा मामला थोडा निराळा आहे. तेथे भारतीयांस व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र चालते. विमानाने जाणाऱ्यांनी केवळ आधारकार्डावर विसंबू नये. पती, पत्नी, अज्ञान मुले आणि आईवडील असे कुटुंब एकत्र जात असेल आणि एका प्रौढाजवळ वैध कागद असेल, तर इतरांना छायाचित्र असलेला पुरावा आणि नात्याचा पुरावा पुरतो. नात्याच्या या पुराव्यासाठी विवाहाचा दाखलाही उपयोगी पडतो. मतदार ओळखपत्र सासरच्या नावाचे आणि तिकीट माहेरच्या, असे झाल्यास अडचण येथेही तीच.

सारांश, सर्व वाटा विवाहाच्या नोंदणीपाशी येऊन मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचा निर्देश दिला. महाराष्ट्रात तर त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. तरीही फोटोंचा अल्बम आहे आणि दाखला नाही, अशी घरे आम्हास आजही भेटतात. वीस वर्षांपूर्वी झालेल्या लग्नाचीही नोंद करता येते. आपल्या महानगरपालिकेत, नगरपालिकेत वा ग्रामपंचायतीत चौकशी करावी. परदेशात हा दाखला सरकारी कामास द्यावयाचा असेल तर त्यावर अपोस्टील नावाची मोहोर घ्यावी लागते. भारत त्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ साली सामील झाला. करारातील बहुतेक देशांत ती चालते.

आमच्या बँकेच्या कामातील एक गोष्ट येथे सांगणे उपयोगाचे होईल. ओळखीचा कागद जुन्या नावाचा असला, तरी नाव बदलल्याचे दाखविणारा विवाहाचा सरकारी दाखला किंवा राजपत्रातील जाहिरात जोडल्यास बँक तो कागद ग्राह्य धरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांतच तशी तरतूद आहे. व्हिसासाठी खात्याचा उतारा द्यावा लागतो. तो पासपोर्टहून वेगळ्या नावाचा असेल तर 'हे पैसे कोणाचे?' असा प्रश्न उभा राहतो. तेव्हा विवाहाच्या दाखल्याची प्रत उताऱ्यास जोडावी.

आता प्रत्येकीने ठरवावयाचे ते हे. एक वाट अशी की, जन्माचेच नाव सर्वत्र ठेवावे. पदव्या, नोकरी, खाते आणि पासपोर्ट सारे जुळलेले राहते. पतीचे नाव पासपोर्टच्या शेवटच्या पानासाठी नोंदविता येते. दुसरी वाट अशी की, सासरचे नाव घ्यावे, पण मग सर्व कागदांवर घ्यावे. आधी विवाहाचा दाखला, मग आधार, मग पॅन, मग बँक आणि शेवटी पासपोर्ट, असा क्रम ठेवल्यास एका कागदाचा आधार दुसऱ्यास मिळतो. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून स्पेलिंग आधी पक्के करावे. दोन्ही वाटा कायदेशीर आहेत. अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे ही तिसरी वाट मात्र विमानतळावर दगा देते.

आणि निवड कोणी करावयाची? ज्या व्यक्तीचे नाव आहे तिने. सासऱ्यांनी नव्हे, पतीने नव्हे आणि एजंटानेही नव्हे. अर्ज भरताना 'वहिनी, तुमचे नाव काय घालू?' असे एकदा विचारण्यास काही पैसे पडत नाहीत. हा लेख वाचून दहा घरांतील कपाटांतले कागद एका रात्री टेबलावर मांडले गेले आणि घरातल्या बाईने स्वतः ते ताडून पाहिले, तरी आमचे लिहिणे कारणी लागले असे आम्ही समजू.