खिशातील रेडिओंचा शेजारधर्म

ऑनलाइन तास घेणाऱ्या शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. फोन घरच्या वाय-फायला जोडलेला आहे, कानात ब्लूटूथचे ईअरफोन आहेत, आणि शिकवता शिकवता पलीकडची मुले सांगतात, "सर, आवाज तुटतोय." आपण नेटवर्कला दोष देतो. पण पुष्कळदा अडचण फोनच्या आतच असते. तेथील एक रेडिओ बोलत असताना दुसऱ्याला ऐकू येत नाही.

येथे रेडिओ म्हणजे गाणी ऐकण्याचे यंत्र नव्हे. विद्युतचुंबकीय लहरींनी संदेश पाठवणारी वा घेणारी कोणतीही यंत्रणा म्हणजे रेडिओ. आजच्या फोनमध्ये निदान चार असतात: मोबाइल सेवेचा, वाय-फायचा, ब्लूटूथचा, आणि उपग्रहांकडून स्थान कळवणाऱ्या जीपीएसचा. यांपैकी जीपीएस फक्त ऐकतो, बाकीचे ऐकतात आणि बोलतातही. आणि हे सारे हाताच्या तळव्याएवढ्या जागेत!

अडचण किती मोठी आहे ते एका साध्या हिशेबाने कळते. वाय-फायचा प्रक्षेपक सुमारे ०.१ वॉट शक्तीने बोलतो असे धरू. काही अंतरावरील ब्लूटूथ उपकरणाकडून फोनला मिळणारा संदेश मात्र ०.१ नॅनोवॉट, म्हणजे एका वॉटचा एक हजार कोटीवा भाग, इतका क्षीण असू शकतो. दोहोंत शंभर कोटी पटींचा फरक झाला. दोन अँटेना फोनच्या दोन टोकांना ठेवल्या आणि वाय-फायच्या शक्तीचा केवळ शंभरावा भाग ब्लूटूथच्या अँटेनात पोहोचला, तरी तो अपेक्षित संदेशाच्या एक कोटी पट उरतोच. कानाशी ढोल वाजत असताना पलीकडच्या खोलीतील कुजबूज ऐकण्यासारखे हे आहे.

हा त्रास तीन प्रकारचा असतो. पहिला, शेजाऱ्याच्या प्रबळ लहरींनी ग्राहकातील वर्धक दबून जातो. लहरींची वारंवारता वेगळी असली तरी तो क्षीण संदेश वाढवू शकत नाही. दुसरा, कोणताही प्रक्षेपक आपल्या ठरलेल्या पट्ट्याबाहेरही थोडी शक्ती सांडतो. ती ग्राहकाच्याच वारंवारतेवर पडली, तर ग्राहकापाशी कितीही चांगली गाळणी लावून उपयोग नाही. तिचा बंदोबस्त प्रक्षेपकापाशीच करावा लागतो. तिसरा प्रकार संगीत जाणणाऱ्यांना लगेच समजेल. तंबोऱ्याच्या तारेतून मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट वारंवारतेचे स्वरही उमटतात. प्रक्षेपकाचेही तसेच होते. अमेरिकेत २०१० पासून वापरात असलेल्या एका फोर-जी पट्ट्यात फोन ७७७ ते ७८७ मेगाहर्ट्झवर बोलतो. त्याची दुप्पट १५५४ ते १५७४ मेगाहर्ट्झ. जीपीएसचा नागरी संदेश येतो १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, म्हणजे अगदी शेजारी! हा संदेश जमिनीवर पोहोचतो तेव्हा त्याची शक्ती एका वॉटच्या एक कोटी अब्जाव्या भागाच्या आसपास असते. अपघाताच्या ठिकाणाहून कोणी मदतीसाठी फोन करत असेल, तर फोनने बोलणेही हवे आणि त्याच क्षणी आपण कोठे आहोत हेही ओळखायला हवे. अशा वेळी हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही.

मग उपाय काय? शेजाऱ्यांची भांडणे मिटवण्याचे जे मार्ग घरात असतात, तेच येथेही आहेत: जागा वेगळी करणे, मध्ये भिंत घालणे, वाट बदलणे आणि पाळी लावणे.

जागेचा उपाय फोनच्या आकारापुढे लवकर संपतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबीच १२.५ सेंटिमीटर असते. फोनमध्ये यापेक्षा फार दूर जायचे कोठे?

भिंत म्हणजे गाळणी. भारतात २०१० मध्ये लिलाव झालेला मोबाइल सेवेचा पट्टा २३०० ते २४०० मेगाहर्ट्झ या मर्यादेत येतो, आणि वाय-फायचे पहिले चॅनेल २४०१ पासूनच सुरू होते. इतक्या तीव्र कडेची गाळणी बनवण्यासाठी शास्त्रज्ञांनी ध्वनीची मदत घेतली. दाब आणि विद्युत यांचे एकमेकांत रूपांतर करणाऱ्या पदार्थाच्या अतिपातळ थरात विद्युत संदेशाची ध्वनिलहर होते. ध्वनीचा वेग प्रकाशापेक्षा हजारो पट कमी, म्हणून त्याच वारंवारतेला त्याची तरंगलांबी काही मायक्रोमीटरच भरते. त्यामुळे तांदळाच्या दाण्याहून लहान गाळणी शक्य झाली.

वाट बदलण्याचे तंत्र ब्लूटूथचे. तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० उड्या मारतो. २००३ च्या सुधारित आवृत्तीपासून तो गजबजलेली चॅनेले ओळखून टाळू लागला. एक वाय-फाय अशी सुमारे २२ चॅनेले व्यापते. ती सोडली तरी ५७ उरतात. पण परिसरात १, ६ आणि ११ या तिन्ही वाय-फाय चॅनेलांवर गर्दी असेल, तर ६६ जाऊन १३ उरतात, आणि नियमाप्रमाणे ब्लूटूथला निदान २० वापरावीच लागतात. म्हणजे काही उड्या गर्दीतच पडणार. शिवाय वर्धक दबला असेल तर वाट बदलूनही पुरेसा लाभ नाही.

म्हणून शेवटी पाळी. वाय-फाय व ब्लूटूथ यांच्यामध्ये एक पंच नेमलेला असतो. बोलण्यापूर्वी त्याच्याकडे मागणी करायची, काम किती निकडीचे ते सांगायचे, आणि परवानगी मिळाली तरच बोलायचे. फाइलचा तुकडा पुन्हा पाठवता येतो; बोलण्याचा तुकडा उशिरा पोहोचला तर निरुपयोगी. म्हणून आवाजाला सहसा अग्रक्रम मिळतो. ही देवघेव सेकंदाच्या हजाराव्या भागांत चालते. अर्थात पाळी लावली की प्रत्येकाचा वेग थोडा घटतो. शेजारधर्माची ही किंमत आहे.

विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घ्यावा. ब्लूटूथ ईअरफोनवर बोलत असताना फोनवरून वाय-फायने एक मोठी फाइल पाठवावी, प्रथम २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर, नंतर ५ गिगाहर्ट्झच्या. आवाजाची प्रत आणि फाइल जाण्यास लागलेला वेळ, दोन्ही नोंदवावीत. ५ गिगाहर्ट्झचा वेग एरवीही जास्त असतो. म्हणून दोन्ही वेळा ब्लूटूथ बंद ठेवूनही मोजावे, आणि ब्लूटूथमुळे वेळ किती पटींनी वाढला याची तुलना करावी. आवाज एकदाही तुटला नाही, तर प्रयोग फसला असे मानू नये. वेळेच्या नोंदीत पाहावे. पंचाने आपले काम केल्याची खूण बहुधा तेथे सापडेल.