राणी गेल्यावर

दिंडोशीच्या एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, दुसऱ्या अंगाला उंच इमारती. त्यामुळे सज्जाखाली लटकणारे आग्या मोहोळ इथे नवलाचे नाही. ते दिसले की सोसायटीत पहिली सूचना येते ती औषध फवारण्याची. ‘राणी मेली की बाकीच्या आपोआप जातात,’ असेही कुणी ठामपणे सांगतो. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे.

राणीमाशीचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो पेटीत पाळता येणाऱ्या मधमाश्यांमध्ये. आपल्या सह्याद्रीतली सातेरी त्यांपैकीच एक. राणीचे काम अंडी घालण्याचे, हुकूम सोडण्याचे नव्हे. तिच्या अंगचा गंध एकीकडून दुसरीकडे पोळेभर पोचतो, आणि ‘राणी आहे’ ही खात्री सगळ्यांना मिळते. ती अचानक गेली, तर काही तासांतच चाहूल लागते. मग कामकरी माश्या काही कोवळ्या अळ्या निवडतात, त्यांची घरे वाढवतात आणि त्यांना अखेरपर्यंत राजान्न भरवतात. जी साधी कामकरी व्हायची, ती केवळ आहाराने राणी होते! अंड्यापासून सुमारे १६ दिवसांत ती बाहेर येते, प्रतिस्पर्धी बहिणींना संपवते आणि उंच हवेत अनेक नरांशी मीलन करून घरी परतते.

राणी थकली, तर मात्र घाई नसते. माश्या शांतपणे वारस वाढवतात. कधी कधी आई आणि लेक काही काळ एकाच पोळ्यात नांदतात. बँकेत चार्ज देता-घेताना इतका समजूतदारपणा मी क्वचितच पाहिला.

यात अट एकच: कोवळी अळी शिल्लक हवी. ती नसेल, तर काही कामकरी माश्या स्वतःच अंडी घालू लागतात. पण त्यांतून नुसते नर जन्मतात आणि घर हळूहळू संपते.

महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ साली ‘मधाचे गाव’ हा मान मिळाला. पेटीत मधाचा कप्पा वर आणि पिल्लांचा खाली असतो. मध काढताना खालच्या कप्प्याला धक्का लावायचा नाही, हा मधपाळांचा साधा नियम. उद्याची राणी तिथेच असते.

फवारणीत भरवणारी आणि भरवली जाणारी, दोघीही मरतात. आग्या माशी चावरी, हे खरेच. पण ती फिरस्ती आहे. मोसम सरला की स्वतःच निघून जाते. तोवर त्या बाजूची खिडकी बंद ठेवावी, रात्री दिवा मालवावा. अगदीच धोका वाटला, तर जाणत्या माणसाला बोलवावे. एवढे आपल्याला जमेल ना?