शेंदरी पेल्यांची ओळख

हिवाळा सरत आला म्हणजे युरोपातील ओलसर पानझडी रानांत, पाचोळ्यात अर्धवट बुजलेल्या कुजक्या फांद्यांवर लहान लहान शेंदरी पेले दिसू लागतात. सार्कोसायफा वंशातील कवकांची ही फळे होत. त्यांची रुंदी सामान्यतः 2 ते 5 सेंटिमीटर असते. आतील अंग गुळगुळीत व भडक तांबडे, तर बाहेरील अंग फिकट व बारीक लवेने पांढुरके दिसते. एकदा पाहिलेला हा पेला सहसा विसरत नाही, आणि नेमके तेथेच निरीक्षक फसतो.

दीर्घकाळपर्यंत अशा पेल्यांना बहुधा सार्कोसायफा कॉक्सीनिया हे एकच नाव दिले जात असे. युरोपात या एका नावाखाली एकाहून अधिक जाती नांदत आहेत, हे जर्मन अभ्यासक बाराल यांनी 1984 मध्ये सविस्तर दाखविले. त्यांपैकी सार्कोसायफा ऑस्ट्रियाका ही जाती नुसत्या डोळ्यांना कॉक्सीनियाहून वेगळी दिसतच नाही. म्हणून जुन्या नोंदवह्यांत केवळ नाव असेल, तर त्या नोंदीतील जाती कोणती हे आज सांगता येत नाही. सोबत वाळविलेला नमुना जपलेला असेल, तर मात्र तो अजूनही साक्ष देतो.

पेला उचलताना खालच्या लाकडाचा तुकडाही घ्यावा, व झाड कोणते ते लिहून ठेवावे. (पुष्कळ हौशी मंडळी पेला तेवढा खुडतात आणि लाकूड रानातच टाकून येतात!) पक्व पेल्यावर हलकेच फुंकर घातली असता कधी कधी धुरासारखा लोट उठतो, तो असंख्य बीजुकांचा असतो.

घरी आल्यावर धारदार पात्याने पेल्याचा अतिपातळ काप काढून पाण्याच्या थेंबात ठेवावा. सूक्ष्मदर्शकाखाली आतील थरात उभ्या लांबट पिशव्या दाटीने दिसतात. अशा पिशवीस धानी म्हणतात. प्रत्येकीत आठ बीजुके असतात व टोकाशी झाकण असते. आता बाहेरील लव पाहावी. कॉक्सीनियाचे केस सरळ वा किंचित वाकलेले असतात. ऑस्ट्रियाकाचे पुष्कळसे केस मळसूत्रासारखे पिळलेले असतात. त्यानंतर पक्व बीजुके तपासावीत. कॉक्सीनियाच्या बीजुकांची टोके गोलसर असून आत तेलाचे अनेक सूक्ष्म थेंब असतात. ऑस्ट्रियाकाची टोके बोथट, काहीशी चपटी असतात. हे थेंब ताज्या नमुन्यात, साध्या पाण्यातच पाहावेत. वाळल्यावर ते एकमेकांत मिसळतात. केसांची ठेवण मात्र वाळल्यावरही टिकते.

याच कुलातील कुकिना हा वंश आपल्याकडेही आहे. पावसाळ्यात पश्चिम घाटातील अरण्यांत, पडलेल्या लाकडावर त्याचे गुलाबी वा नारिंगी पेले येतात. त्यांपैकी कुकिना ट्रायकोलोमाचे लांब केस नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. त्याच्या बीजुकांवरील उभ्या बारीक रेषा पाहावयास मात्र सूक्ष्मदर्शकच हवा.