द्राक्षबागांतील बुरशीरोग व उपकारक जिवाणू

नाशिक जिल्ह्यांतील द्राक्षबागाइतदारांस बुरशीरोगांची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. नोव्हेंबर २००९ मध्यें फयान वादळाचा पाऊस झाला, त्यानंतर केवड्यानें किती बागांचा घास घेतला, हें निफाड–दिंडोरीकडील मंडळी विसरलेली नाहींत. आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली. असल्या नुकसानीचा पंचनामा लिहितां येतो, परंतु गेलेला घड परत आणतां येत नाहीं.

रोगावर औषधें नाहींत असें नाहीं. अडचण निराळी आहे. २०१० सालीं आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचा अंश सांपडला म्हणून युरोपांत माल अडला. तें द्रव्य बुरशीनाशक नव्हे, वेलीची वाढ रोखण्याचें आहे. पण परदेशीं गिऱ्हाइकाची प्रयोगशाळा किती बारीक पाहते, हें त्या सालीं सर्वांस कळून चुकलें. निर्यातीच्या बागेची नोंद व काढणीपूर्वी मालाची अवशेष-तपासणी ही पद्धत तर त्याआधींपासूनच चालू आहे. आतां पेच असा कीं, घडांत पाणी उतरल्यावर थंड व कोरड्या हवेंत भुरी जोर धरिते, आणि नेमक्या त्याच दिवसांत बहुतेक रासायनिक औषधें मारण्याची सोय उरत नाहीं. उपकारक जिवाणूंचा खरा उपयोग आम्हांस येथें दिसतो.

ह्यांपैकीं दोन नांवें लक्षांत ठेवावीं : बॅसिलस सबटिलिस आणि स्यूडोमोनास फ्लुरोसन्स. दोन्ही मूळचे मातींतील रहिवासी. बॅसिलस बुरशीच्या तंतूंचें आवरण फोडणारीं द्रव्यें स्वतः तयार करितो. स्यूडोमोनास मुळांभोवतीं जागा धरितो आणि मातींतील लोह असें ओढून घेतो कीं बुरशीस तें पुरेसें मिळत नाहीं. शिवाय दोघेहि वेलीची स्वतःची प्रतिकारशक्ति जागी करितात. बॅसिलसला आणखी एक गुण आहे. प्रतिकूल काळांत तो टणक कवचाच्या बीजाणूंत दडून राहतो. म्हणून त्याचा डबा उन्हाळ्यांतहि बराच टिकतो. स्यूडोमोनासला तें कवच नाहीं, त्यामुळें तो लवकर मरतो.

पुण्याजवळ मांजरी येथें द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनीं बॅसिलसचे असे वाण निवडले कीं, ते रोगास आवर घालतातच, पण घडावर राहिलेल्या कांहीं औषधांचे अवशेषहि कमी करण्यास मदत करितात. निर्यातदारास ह्याची किंमत सांगावयास नको.

परंतु दुकानदार ‘सर्व रोगांवर एकच डबा’ म्हणून सांगूं लागला, तर त्याचें ऐकूं नये असें आमचें मत आहे. जिवाणू हा राखणदार आहे, वैद्य नव्हे. बुरशी येण्यापूर्वी पानावर त्याचें ठाणें बसलें पाहिजे. पान पांढरें झाल्यावर त्याच्याकडून फारशी आशा धरूं नये. केवड्याचें तर आणखी वेगळें. त्याच्या कारकास शास्त्रज्ञ खऱ्या बुरशींत गणीत नाहींत, आणि ओल्या पानावर तो थोड्या तासांतच आंत शिरतो. गोडी छाटणीनंतर पावसाळी हवा असतां केवळ जिवाणूंवर विसंबणें धोक्याचें. तेथें मोरचूद व चुन्याचें बोर्डो मिश्रण किंवा शिफारशींतील औषधच हवें. बोर्डो १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्यें ह्याच रोगासाठीं पुढें आलें.

मात्र तांबें जिवाणूंसहि मारतें. म्हणून बोर्डो व जिवाणू एका टाकींत कधींहि मिसळूं नयेत. दोन फवाऱ्यांत कांहीं दिवस जाऊं द्यावे. जंतुनाशक औषधांचीहि हीच गोष्ट. पाणी विहिरीचें घ्यावें, क्लोरीन घातलेलें नळाचें नको. फवारा सायंकाळीं मारावा, कारण कडक उन्हांत जिवाणू टिकत नाहींत. डबा घेतांना मुदत पाहावी, आणि एका ग्रॅमांत किमान १० कोटी जिवंत जिवाणू असल्याचें त्यावर लिहिलेलें आहे कीं नाहीं, तेंहि वाचावें. उन्हांत तापलेल्या दुकानाच्या फळीवरील माल स्वस्त मिळाला तरी घेऊं नये.

कांदा व टोमॅटो लावणारांनीं हा विषय आपला नव्हे असें समजूं नये. रोपें कोलमडण्याच्या रोगासाठीं दर किलो बियाण्यास १० ग्रॅम स्यूडोमोनासची भुकटी चोळून सावलींत सुकवितात. बियाण्यास रासायनिक औषधहि लावावयाचें असल्यास तें आधीं लावावें, जिवाणू सर्वांत शेवटीं.

बागेंत प्रथमच प्रयोग करणारांनीं सबंध प्लॉट एकदम ह्या हवालीं करूं नये. एका कडेच्या चार ओळी घ्याव्या, शेजारच्या चार ओळींवर नेहमींचा कार्यक्रम चालूं द्यावा, आणि दर आठ दिवसांनीं दोन्हींकडील भुरी लागलेले घड मोजून वहींत तारखेसह लिहून ठेवावे. पुढील वर्षी डबा घ्यावा कीं नाहीं, हें त्या वहींतच पाहावें.