गोळ्या संपत आल्या आणि…

१९३०च्या दशकातली हार्वर्डमधली एक शनिवारची दुपार. बी. एफ. स्किनर या तरुण संशोधकाचे उंदीर पिंजऱ्यातली दांडी दाबायचे आणि दर वेळी खाऊची गोळी मिळवायचे. गोळ्या तो स्वतःच बनवायचा. सोमवारपर्यंत त्या संपणार होत्या आणि उरलेली दुपार गोळ्या बनवण्यात कोण घालवणार? त्याने मिनिटाला एकच गोळी द्यायचं ठरवलं.

उंदीर कंटाळले? छे! दाबतच राहिले. खाऊ पूर्ण बंद केल्यावर तर आणखी गंमत. दर वेळी गोळी मिळालेला उंदीर लवकर नाद सोडतो. अधूनमधून मिळालेला मात्र बराच वेळ चिकटून राहतो. वर्तनवाद मनात काय चाललंय ते विचारत बसत नाही, वागण्यानंतर काय मिळालं ते बघतो.

आता तुमचा फोन. चार मेसेजना गप्प आणि पाचव्याला अचानक हार्ट पाठवणारं कुणीतरी असेलच. रोज नीट रिप्लाय देणाऱ्या मित्राचा चॅट तुम्ही इतक्यांदा उघडता का? ‘एवढी ओढ वाटते म्हणजे काहीतरी खास असणार!’ असेलही. पण अशी ओढ उंदरालाही होती.

बरं, नाद सोडायचं ठरवलंत, तर सुरुवातीला कदाचित फोन उलट जास्तच बघाल. खाऊ बंद झाला की कधीकधी आधी दांडी आणखी जोरात दाबली जाते, मगच हळूहळू सुटते.