ताटली उलटी करून बघा

मंडळी, जुनी ब्रिटिश ताटली हातात आली की आपण आधी नक्षी बघतो. मी म्हणेन, आधी ती उलटी करा. मागे शंकरपाळ्यासारखा शिक्का असेल, तर त्या नक्षीची किंवा घडणीची सरकारदरबारी नोंद १८४२ ते १८८३ या काळात झाली. ही तारीख नोंदीची, बरं का. ताटली त्यानंतरचीही असू शकते. 'इंग्लंड' छापलेलं असेल, तर ती बहुधा १८९१ नंतरची. अमेरिकेच्या आयात कायद्याने तेव्हा मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं होतं.

आता पुढची बाजू. स्टॅफर्डशरमधले कारागीर तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र पातळ कागदावर उतरवत, तो कागद भाजलेल्या ताटलीवर दाबत आणि मग झिलई देत. हाताने रंगवण्यापेक्षा हे स्वस्त, म्हणून निळी 'विलो' नक्षी साध्या घरांतही पोचली. काठावर कागदाचे सांधे अजून दिसतात.

आणि सुरीचे ओरखडे? बरेच संग्राहक अशी ताटली बाजूला ठेवतात. पण तिच्यात कुणीतरी रोज जेवत होतं, याचा पुरावा तेवढाच उरलाय. तेव्हा अशी ताटली मिळाली तर टाकू नका.